सरकारी आकडा आणि धनंजयराव गाडगीळ

अर्थशास्त्रातील बहुतेक वाद अखेर आकड्यांपाशी येऊन थांबतात. शिक्षकाचा आणि कारकुनाचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. शेतकऱ्याला दुष्काळी सवलत मिळणार की नाही, हे गावाच्या पैसेवारीवर अवलंबून असते. शिधावाटपासाठी राज्याच्या वाट्याला किती धान्य यावे, याचा हिशेब जनगणनेतील लोकसंख्येवरून होतो. यांपैकी एकही आकडा आकाशातून पडलेला नसतो. कोणीतरी दुकानात जाऊन भाव विचारलेला असतो, कोणीतरी बांधावर उभे राहून पिकाचा अंदाज केलेला असतो, कोणीतरी दाराशी येऊन घरातील माणसे मोजलेली असतात. एकदा का आकडा छापून आला, की त्यामागची माणसे, त्यांची पद्धत आणि त्यांच्या चुका दिसेनाशा होतात. उरतो तो शासनाचा शिक्का.

या शिक्क्यावरील विश्वास गेल्या काही वर्षांत डळमळीत झाला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या हंगामी अध्यक्षांनी आणि आणखी एका सदस्याने राजीनामे दिले. २०१७-१८ मध्ये देशातील बेकारीचे प्रमाण ६.१ टक्के असल्याचे दाखविणारी श्रमबल पाहणी, लोकसभेची निवडणूक आटोपल्यानंतर, त्या वर्षीच्या ३१ मे रोजी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कुटुंबांच्या उपभोगखर्चाची २०१७-१८ ची पाहणी, तिच्या दर्जाविषयी शंका असल्याचे कारण देऊन, शासनाने बाजूला ठेवली. २०२१ ची दशवार्षिक जनगणना त्या वर्षी झाली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या लेख्यांना ‘क’ श्रेणी दिली. २०११-१२ हे जुने झालेले पायाभूत वर्ष आणि चालू किमतींचे स्थिर किमतींत रूपांतर करण्याच्या पद्धतीतील उणिवा ही त्याची प्रमुख कारणे होती.

अशा वेळी डॉ. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे चरित्र पुन्हा डोळ्यांखालून घालणे उपयुक्त ठरेल. महाराष्ट्र त्यांना सहकारी साखर कारखानदारीचे एक प्रवर्तक म्हणून ओळखतो. विद्यार्थ्यांना ते ‘गाडगीळ सूत्रा’मुळे ठाऊक असतात. परंतु त्यांच्या सर्व कार्याच्या बुडाशी एक आग्रह होता. देशाच्या आर्थिक स्थितीविषयी जो कोणी आकडा सांगेल, त्याने तो कसा काढला हेही सांगितले पाहिजे, हा तो आग्रह होय.

नागपूरहून केंब्रिजला

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. परंतु त्यांचे घराणे नागपूरचे आणि त्यांचे बालपणही नागपूरचे. येथील पटवर्धन हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. त्या काळचे नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. एका बाजूस सचिवालय आणि त्यातील कागदांचे ढीग, दुसऱ्या बाजूस १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल, आणि भोवताली कापसाचा प्रदेश. हातमाग मागे पडत असलेला, गिरणी वाढत असलेली आणि शेतकरी जगाच्या बाजारभावाशी बांधला गेलेला, असे हे चित्र होते. पुढे त्यांनी जो विषय अभ्यासासाठी घेतला, त्याचे नमुने नागपूरच्या परिसरात असे पसरलेले होते.

१९१८ मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला. तो १९२४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकासारखा वापरला. या लेखनासाठी त्यांना दुष्काळ आयोगांचे अहवाल, जनगणनेचे खंड आणि प्रांतिक शासनांची प्रकाशने यांवर विसंबावे लागले. ही आकडेवारी विपुल होती. पण ती सारावसुली, व्यापार आणि बंदोबस्त यांच्या सोयीसाठी गोळा केलेली होती. रयत काय खाते, किती कर्जात आहे आणि तिच्या हाती वर्षाकाठी काय उरते, या प्रश्नांची उत्तरे तीत क्वचितच मिळत.

या उणिवेला एक जुना राजकीय इतिहास होता. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये काढले होते. १८८२ मध्ये शासनाच्या वतीने बेअरिंग आणि बार्बर यांनी ते २७ रुपये ठरविले. दादाभाईंनी या गणिताचा तपशील मागितला, तो त्यांना मिळाला नाही. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने ३० रुपयांचा आकडा सांगितला, तर त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी तो साडेसतरा रुपयांच्या आसपास आणून ठेवला. एकाच देशाविषयी आणि एकाच वर्षी मांडलेल्या दोन आकड्यांत जवळजवळ दुपटीचे अंतर पडले. दादाभाईंनी आपली रीत उघड मांडली होती, त्यामुळे तिच्यावर टीका करता येत होती. शासनाने आपली रीत दडविली, म्हणून तिच्यावर टीकाही करता येईना आणि विश्वासही ठेवता येईना. धनंजयरावांची पिढी हा धडा घेऊनच अर्थशास्त्राकडे वळली.

मोजणीची शाळा

परत आल्यावर त्यांनी मुंबई शासनाच्या वित्त विभागात अल्पकाळ काम केले आणि १९२५ पासून सुरतेच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून, भारत सेवक समाजाच्या आश्रयाखाली, पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. छत्तीस वर्षे एकाच संस्थेत राहून त्यांनी जे उभे केले, त्याला मोजणीची शाळा म्हणणे योग्य ठरेल.

सरकारी आकडे अपुरे आहेत अशी तक्रार करणारे पुष्कळ होते. धनंजयरावांनी स्वतः मोजण्यास प्रारंभ केला. पुण्याच्या बाजारात फळे कोठून येतात, मधल्या हातांत किती पैसा जातो. मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांत मोटारबसची वाहतूक कशी चालते. वाई तालुक्यातील शेतकऱ्याला शेती परवडते की नाही, असे साधे दिसणारे प्रश्न घेऊन संस्थेचे कार्यकर्ते बाजारात आणि गावांत गेले. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९३६-३७ मध्ये झाली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे संस्थेने त्याच शहराची फेरपाहणी करून १९५६ मध्ये तिचा अहवाल काढला. आपणच पूर्वी केलेल्या मोजणीकडे पुन्हा परतून जाणे, ही शिस्त आपल्याकडे तेव्हा दुर्मिळ होती आणि आजही ती सुलभ झालेली नाही.

या प्रयत्नांचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळच्या सरकारी पद्धतीचे एक उदाहरण पुरेसे आहे. देशातील सर्वांत मोठा व्यवसाय शेती. पण शेतीचे उत्पादन काढण्याची रीत अशी होती : पिकाखालील क्षेत्र घ्यावयाचे, त्याला एकरी सर्वसाधारण उत्पादनाने गुणावयाचे आणि मग पीक किती आणे आले ते पाहून त्या प्रमाणात आकडा कमी करावयाचा. पूर्ण पीक कोठे सोळा आणे धरीत, कोठे बारा. क्षेत्राची नोंद रयतवारी प्रदेशात पटवारी ठेवीत असल्याने ती बरीचशी भरवशाची होती. आणेवारी मात्र नजरेने ठरे. आणे कमी लिहिले तर साऱ्यात सूट मिळण्याची आशा असल्यामुळे गावाला पीक कमी दिसणे सोयीचे होते, आणि वसुली घसरू नये म्हणून वरच्या कचेरीला ते जास्त दिसणे सोयीचे होते. या दोन सोयींच्या ओढाताणीत जो आकडा तयार होई, तोच पुढे प्रांताच्या आणि देशाच्या उत्पादनाचा आकडा म्हणून छापला जाई. कायमधाऱ्याच्या बंगालसारख्या प्रांतात तर पटवारीच नव्हता. तेथे क्षेत्राचीही अटकळच असे. १९३४ मध्ये बौली आणि रॉबर्टसन या दोन इंग्रज अर्थशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानच्या आकडेवारीची तपासणी करून तिच्या अपुरेपणावर बोट ठेवले होते. यादृच्छिक रीतीने शेते निवडून, त्यांतील ठरावीक तुकड्याचे पीक प्रत्यक्ष कापून, वजन करून उत्पादन काढण्याची पद्धत पुढे १९४० च्या दशकात रूढ होऊ लागली. कापसावरील असे आरंभीचे प्रयोग आपल्या वऱ्हाडातच झाले, ही गोष्ट विदर्भातील वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आकडेवारी ही पंडितांच्या चर्चेपुरती बाब नाही, हे युद्धकाळाने कठोरपणे दाखवून दिले. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे भुकेने मेली. तेथे धान्य किती पिकले आणि किती शिल्लक आहे, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा आकडा शासनाजवळ नव्हता. त्याच वर्षी धनंजयरावांनी नी. वि. सोवनी यांच्यासह युद्धकालीन आर्थिक धोरणाची चिकित्सा करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. १९४७ मध्ये शासनाने वस्तूंच्या किमतींविषयी सल्ला देण्यासाठी मंडळ नेमले, तेव्हा अ. दि. गोरवाला यांच्याबरोबर धनंजयराव त्याचे सदस्य होते. आकडे बाहेरून तपासणाऱ्या माणसाला आता ते आतून तयार होताना पाहावयाचे होते.

राष्ट्राच्या उत्पन्नाचा पहिला ताळेबंद

४ ऑगस्ट १९४९ रोजी भारत शासनाने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबीस अध्यक्ष. धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. सायमन कुझनेट्स आणि रिचर्ड स्टोन यांच्यासारख्या, पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या, तज्ज्ञांचा सल्लाही तिला लाभला. १९५१ च्या एप्रिलमध्ये समितीने पहिला अहवाल दिला. १९४८-४९ या वर्षाचे राष्ट्रीय उत्पन्न ८,७१० कोटी रुपये आणि दरडोई उत्पन्न २५५ रुपये असल्याचा अंदाज तीत होता. १९५४ च्या फेब्रुवारीत अखेरचा अहवाल आला आणि त्याच वर्षाचा आकडा ८,६५० कोटींवर आणण्यात आला.

साठ कोटींची ही दुरुस्ती किरकोळ वाटेल. तिचे मोल रकमेत नाही. अधिक माहिती हाती येताच समितीने स्वतःचाच आकडा बदलला, तो बदल छापला आणि जुना आकडाही पुसून टाकला नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कोणते अंदाज कितपत भरवशाचे आहेत, याची चर्चा समितीने अहवालातच केली. जवळजवळ निम्मे उत्पन्न शेतीचे, आणि शेतीचे आकडे दुबळे. लहान कारागीर, घरगुती धंदे, छोटा व्यापार यांची माहिती तुटपुंजी. शेतकरी जे पिकवितो त्यातील मोठा भाग बाजारात न येता घरातच खपतो. त्याचे मोल कोणत्या भावाने करावयाचे, हा प्रश्न तर तत्त्वाचाच होता. स्वतंत्र राष्ट्राला आपल्या संपत्तीचा ठाम आकडा जगाला सांगण्याची हौस असणे स्वाभाविक होते. समितीने आकडा सांगितला आणि त्याबरोबर आपल्या अज्ञानाची हद्दही आखून दाखविली. कर्झनच्या ३० रुपयांत आणि या २५५ रुपयांत खरा भेद हा आहे.

१९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि १९५१ मध्ये मध्यवर्ती सांख्यिकी संघटना उभी राहिली. नमुना पाहणीच्या पहिल्या फेरीत काही गावांसाठी गोखले संस्थेने वेगळे तक्ते योजले होते. ‘पूना शेड्यूल्स’ या नावाने ते ओळखले गेले. त्या माहितीची छाननी करून वि. म. दांडेकर यांनी सिद्ध केलेला अहवाल संस्थेने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. शासनाची पाहणी नुकतीच जन्माला आली असताना शासनाबाहेरील एका संस्थेने तिच्या कामात वाटा उचलावा, तिची माहिती स्वतः तपासावी आणि निष्कर्ष लोकांपुढे ठेवावेत, यात तेव्हा कोणालाही वावगे वाटले नाही. सरकारी सांख्यिकीची प्रतिष्ठा त्या काळी वाढली, ती अशा उघड्या दारांमुळे.

सावकाराचे सत्तर टक्के

आकडा प्रामाणिक असेल तर तो धोरणाची दिशा बदलू शकतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा पाहणी. रिझर्व्ह बँकेने ती १९५१-५२ साठी केली. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील मार्गदर्शक समितीत धनंजयराव होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेडी आणि १,२७,३४३ कुटुंबे यांच्याकडून माहिती गोळा करण्यात आली. सहकारी चळवळीला तेव्हा जवळजवळ अर्धशतक होत आले होते आणि तिच्या यशाचे गोडवे सरकारी वृत्तांतांतून गाइले जात होते. पाहणीने सांगितले, की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, शासनाचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा एक टक्काही नाही. सुमारे ७० टक्के कर्ज सावकाराचे.

धनंजयराव स्वतः सहकाराचे कट्टर पुरस्कर्ते. १९४५ च्या सुमारास कृषिवित्तविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी या प्रश्नाचा विचार केलेला होता. प्रवरा काठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचे पहिले अध्यक्षपद धनंजयरावांनी स्वीकारले होते. १९५०-५१ च्या हंगामात त्या कारखान्याचे गाळपही सुरू झाले होते. हा परिसर त्यांच्या अभ्यासातलाच होता. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभाची त्यांची पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली होती. ज्या चळवळीत आपण तन-मनाने पडलो आहोत तिचा देशभरातील हिशेब ३.१ टक्के निघतो, हे पाहून दुसऱ्या कोणी आकड्याचा अर्थ मवाळ करून घेतला असता. समितीने तो आहे तसा मांडला आणि त्यावरच पुढील शिफारशी उभारल्या. सहकारी संस्थांत शासनाने भागीदार व्हावे, पतपुरवठा आणि पणन यांची सांगड घालावी, इम्पीरियल बँकेचे रूपांतर करून खेड्यांपर्यंत पोचणारी स्टेट बँक निर्माण करावी, अशा त्या शिफारशी होत. स्टेट बँक १९५५ मध्ये अस्तित्वात आली. शासनाच्या भागीदारीमुळे सहकारात राजकारण शिरले, ही टीका पुढे झाली आणि ती निराधार नव्हती. तथापि निदान आणि उपचार यांत फरक केला पाहिजे. उपचाराविषयी वाद घालता आला तो निदान उघड होते म्हणूनच. या पाहणीचा तांत्रिक अहवाल स्वतंत्र खंड म्हणून प्रसिद्ध झाला. टीकाकाराला लागणारी हत्यारे समितीने स्वतःच त्याच्या हाती दिली.

सूत्र आणि सरासरी

१९६६ मध्ये धनंजयरावांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद स्वीकारले आणि १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीस गेले. तो काळ बिकट होता. दोन लागोपाठच्या अवर्षणांनी आणि रुपयाच्या अवमूल्यनाने तिसऱ्या योजनेनंतरचा नियोजनाचा गाडा थांबला होता. राज्यांना योजनेसाठी मिळणारे केंद्रीय साहाय्य निश्चित कसोटीवर वाटले जात नसे. प्रत्येक योजनेगणिक वाटाघाटी चालत, आणि कोणाला किती व का मिळाले, हे बाहेरच्या माणसाला समजण्याचा मार्ग नव्हता.

१९६९ मध्ये मान्य झालेल्या सूत्राने हे बदलले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी भागवून उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात. १० टक्के, दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी असलेल्या राज्यांना. १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नानुसार. १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी. आणि १० टक्के विशेष प्रश्नांसाठी. सूत्राचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे ते कोणालाही पडताळून पाहता येत होते. जनगणनेचा खंड आणि राज्यांच्या उत्पन्नाचे आकडे समोर असतील, तर एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थीही आपल्या राज्याच्या वाट्याचा मोठा भाग कागदावर मांडू शकला असता. वाटपाची कसोटी मंत्रालयाच्या दालनातून निघून छापील आकड्यांवर आली.

सूत्रात दोष होते. विशेष प्रश्नांसाठी राखलेले १० टक्के म्हणजे मर्जीला ठेवलेली फट होती. परंतु विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचा दोष निराळा आहे. दरडोई उत्पन्नाची कसोटी राज्याच्या सरासरीला लावण्यात आली. महाराष्ट्राची सरासरी मुंबईच्या उद्योग-व्यापारामुळे देशाच्या सरासरीहून वर. त्यामुळे त्या १० टक्क्यांत महाराष्ट्राला वाटा नाही. गडचिरोलीच्या अरण्यातील किंवा बुलढाण्याच्या कोरडवाहू पट्ट्यातील माणसाचे दारिद्र्य मुंबईच्या उत्पन्नाखाली झाकले गेले. आकडा खोटा नव्हता. पण सरासरी काय दाखवते याबरोबर ती काय लपविते, हेही विचारावे लागते.

हा प्रश्न पुढे विचारला गेला, तो धनंजयरावांच्याच परंपरेतील अर्थशास्त्रज्ञाच्या हातून. १९८३ मध्ये महाराष्ट्र शासनाने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली. समितीने जिल्हा हे एकक मानले. रस्ते, सिंचन, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याच्या सरासरीहून जिल्हा किती मागे आहे ते काढले आणि त्या तुटीला अनुशेष म्हटले. १९८४ च्या तिच्या अहवालानुसार राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये होता आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. समितीच्या निकषांवर विदर्भात आणि मराठवाड्यात कडाडून टीका झाली. पुढे दुसऱ्या समित्यांनी फेरहिशेब केले. पण ‘आमच्यावर अन्याय होतो’ ही सभेतील घोषणा अनुशेष या शब्दामुळे हिशेबाची बाब झाली, आणि नागपूरच्या अधिवेशनात आमदाराला आकड्यासह प्रश्न विचारता आला. ज्याचा आकडा नाही त्याची दाद नाही. आणि ज्या आकड्याची रीत कळत नाही, त्यावर दाद मागताही येत नाही.

धनंजयरावांचा वारसा

१९७१ च्या निवडणुकीनंतर नियोजन मंडळाची पुनर्रचना झाली. धनंजयरावांनी दिल्लीचा निरोप घेतला आणि पुण्याकडे परतत असताना, ३ मे १९७१ रोजी, आगगाडीच्या प्रवासातच त्यांचे देहावसान झाले. नियोजन मंडळ पुढे २०१४ मध्ये बरखास्त करण्याचे ठरले आणि त्यांच्या सूत्राचे राज्य संपले. त्यांनी सांगितलेले काही उपाय कालबाह्य झाले असतील. पद्धतीचा त्यांचा आग्रह मात्र कालबाह्य झालेला नाही.

त्या आग्रहाच्या कसोट्या तीन सांगता येतील. आकडा कसा काढला, हे आकड्याबरोबरच छापले पाहिजे. तो कितपत चुकू शकतो, हे आकडा काढणाऱ्यानेच आधी सांगितले पाहिजे. आणि तो गैरसोयीचा निघाला तरी ठरल्या दिवशी बाहेर आला पाहिजे. २०१७-१८ च्या उपभोग पाहणीच्या दर्जाविषयी शासनाला शंका असणे यात गैर काही नाही. पाहण्यांत दोष असतात, आणि १९५४ च्या समितीलाही आपल्या आकड्यांविषयी शंका होत्या. त्या समितीने शंकांसह आकडे प्रसिद्ध केले. शंका आहे म्हणून पाहणीच रोखली, तर शंका खरी की सबब, हे ठरविण्याचे साधनच नाहीसे होते. २०२२-२३ ची पाहणी २०२४ च्या फेब्रुवारीपासून बाहेर येऊ लागली, हे चांगले झाले; परंतु आधीचा दुवा तुटल्यामुळे २०११-१२ नंतरच्या दशकभरात गरिबाच्या ताटात काय घडले, याविषयी अर्थशास्त्रज्ञांना अटकळी बांधत बसावे लागले.

आकड्यांची राखण ही केवळ तज्ज्ञांची जबाबदारी नाही. १९६३ मध्ये मुंबईच्या कामगार संघटनांनी शहराचा किंमत निर्देशांक खरी महागाई दाखवत नाही असा आक्षेप घेतला. शासनाने प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, निर्देशांकातील दोष मान्य झाला आणि त्याची दुरुस्ती झाली. आकडा तपासण्यास भाग पाडणारे तेथे गिरणीकामगार होते. महागाई भत्त्याची टक्केवारी वाचणारा प्रत्येक शिक्षक आणि प्रत्येक कारकून अशाच एका निर्देशांकावर जगतो. नागपूर हेही त्या निर्देशांकासाठी भाव गोळा करण्याचे एक केंद्र आहे. तो भाव कोणत्या बाजारात, कोणत्या वस्तूचा आणि कोणत्या रीतीने टिपला जातो, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे.

दादाभाईंनी परक्या शासनाकडे गणिताचा तपशील मागितला आणि त्यांना नकार मिळाला. धनंजयरावांच्या पिढीने स्वकीय शासनाला तो तपशील न मागता देण्याची सवय लावली. ती सवय मोडण्यास एक-दोन वर्षे पुरतात. पुन्हा लावण्यास किती लागतील, हे अद्याप कोणी मोजलेले नाही.